रांगेत थांबलेले निरोप

३ मार्च, सोमवार

आले एकदाची. बॅगेचं एक चाक स्टँडवरच निखळलं, त्यामुळे पुढचा सगळा चढ मी बॅगेला आणलं की बॅगेने मला, हे सांगणं कठीण आहे. पण खोली बघितली आणि शीण उतरला. वरचा मजला, पूर्वेला खिडकी, आणि खिडकीत थेट खाणीचा उंच लोखंडी मनोरा. मनोऱ्यावरचं मोठं चाक फिरलं की माणसं पाळण्यातून खाली जातात किंवा वर येतात. म्हणजे चहाचा कप हातात घेऊन अख्ख्या वसाहतीची ये-जा बघता येईल.

घरमालकीण माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान आहे, पण सगळे तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणणार. तिच्या कडेवर दीड वर्षाची मुलगी, बबडी. बबडीने मला बघून आधी भोकाड पसरलं, मग माझा चष्मा ओढला. ओळख झाली असं समजायचं.

ही वही ताईने दिली. तिचं म्हणणं, घटस्फोट झाल्यापासून तू माणसांशी बोलेनाशी झालीस, निदान कागदाशी तरी बोल. बोलते बाई.

५ मार्च, बुधवार

कामाची जागा म्हणजे खाणीच्या तोंडापासून पन्नास पावलांवरची बैठी इमारत. मधे बोळ, एका बाजूला दिवेखोली, दुसऱ्या बाजूला माझी मशीनची खोली. दिवेखोलीत अण्णा बसतात, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकाला टोपीवरचा दिवा आणि छातीवरचा बिल्ला तेच देतात. बिल्ला म्हणजे काड्यापेटीएवढं यंत्र. माणूस खाली कुठे आहे ते त्यावरून कळतं, आणि इवल्याशा बटणांवर एखादी ओळ लिहून निरोपही वर धाडता येतो, वरून आलेला वाचताही येतो.

हे सगळं सांभाळणारा सर्व्हर मात्र एकच. हजेरी, कोण कुठे आहे, हवेत वायू किती साठलाय, आणि निरोप, अशी चारही कामं एकाच प्रोग्रॅमच्या गळ्यात. त्याची मेमरी कायम शहाण्णव टक्के भरलेली. दर रविवारी बंद करून चालू करतात, बुधवारी पुन्हा नाकातोंडात पाणी. मेमरी भरली की वायूचे आकडे उशिरा येतात, आणि खाली साठ माणसं असताना ते उशिरा आले तर काय होईल ते सांगायला इंजिनियर लागत नाही. म्हणून मला बोलावलंय. चार लहान मशीन आणायची, एकेकाला एकेक काम द्यायचं. एका घरात चार संसार कोंबलेत, त्यांच्या चुली वेगळ्या करायच्या, इतकंच.

फोनवर ताईला हे सांगितलं तर म्हणाली, वाटण्या करण्याचा तुला ताजा अनुभव आहेच. मेली! पण हसले, बऱ्याच दिवसांनी.

व्यवस्थापकांना इथे सगळे नुसतं साहेब म्हणतात. हळू बोलणारा, खांदे पडलेला माणूस. त्यांनी एवढंच सांगितलं की वेळ लागला तरी चालेल, पण वायूच्या आकड्यांत एक क्षणाचाही खंड पडता कामा नये. बोलताना भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

८ मार्च, शनिवार

दिवेखोलीत बिल्ल्यांचे खिळे आहेत, प्रत्येकाखाली आकडा. पाळी संपली की सगळे भरतात. सात भरत नाहीत. मी अण्णांना सहज विचारलं, हरवले का हो? अण्णा दिव्याची काच पुसत होते, ती पुसतच राहिले. मग सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी नवव्या थरावर छत कोसळलं. एक मुकादम आणि त्याची सहा माणसं पलीकडे अडकली. वरून ड्रिल लावून भोक पाडायला घेतलं. चार दिवस रात्रंदिवस ड्रिल चालू होतं. पण पडद्यावर त्या सातांकडून एक अक्षर आलं नाही, आणि इकडे छताला नव्या भेगा पडायला लागल्या. आणखी माणसं जायची भीती. चौथ्या दिवशी दुपारी साहेबांनी काम थांबवलं. बोगदा भिंत घालून बंद केला. त्या सातांत वहिनीचे यजमान होते. बिल्ला एक्केचाळीस. वहिनीला तेव्हा चौथा महिना होता.

घरी परतले तेव्हा वहिनी भाजी निवडत होती आणि बबडी देठं गोळा करून माझ्या चपलेत भरत होती. वहिनी मान वर करून म्हणाली, अण्णांनी सांगितलं वाटतं. चेहऱ्यावरून कळतं हो, इथे येणाऱ्या प्रत्येकाचा आठवडाभरात असा चेहरा होतो.

१३ मार्च, गुरुवार

मेमरी कोण खातंय ते सापडलं. निरोप.

जुन्या प्रोग्रॅममधे एक नियम आहे: निरोप कुठून आला ते ठरल्याशिवाय तो पडद्यावर दाखवायचा नाही. जागा कळली नाही तर निरोप रांगेत थांबवायचा आणि पुन्हा पुन्हा शोधत राहायचं. ज्याने कुणी लिहिलं त्याला हे शहाणपणाचं वाटलं असेल. अशी एक रांग मेमरीत बसून आहे, हजारोंची. दर रविवारी मशीन बंद केलं तरी डिस्कवरून ती पुन्हा जशीच्या तशी मेमरीत येते, आणि आठवडाभर वाढते.

मजकूर उघडता येत नाही, जागा ठरेपर्यंत तो बांधलेलाच असतो. प्रोग्रॅम स्वतःच्याच निरोपांच्या प्रती काढत बसलाय, असा माझा कयास. असं होतं कधीकधी. नव्या मांडणीत निरोपांचं मशीन जागेची चौकशी करणारच नाही. आला निरोप की दाखव, आणि खाली पोच दे. जागा शोधणं हे दुसऱ्या मशीनचं काम.

१७ मार्च, सोमवार

झालं! चारही चुली पेटल्या. हजेरीचं मशीन अकरा टक्के, वायूचं चौदा, जागेचं नऊ. वायूच्या आकड्यांत क्षणाचाही खंड नाही. साहेबांनी माझा हात हातात घेऊन आभार मानले. अण्णा म्हणाले की आता तरी पंखे कमी घरघरतील आणि त्यांना दुपारी डुलकी लागेल.

निरोपांचं मशीन तेवढं एकतीसवर आहे. तुंबलेली रांग जुन्यापासून नव्याकडे सोडायला लावलीय. उद्यापर्यंत मोकळं होईल.

१८ मार्च, मंगळवार

हात धुऊन लिहायला बसलेय. का धुतले ते माहीत नाही.

सकाळी पडद्यावर पहिला निरोप आला. तारीख दोन वर्षांपूर्वीची, अपघाताच्या दिवसाची. बिल्ला बारा, म्हणजे मुकादम.

«सातही जण जिवंत. एकाचा पाय दबलाय. वाट बंद.»

मग एक्केचाळीस: «पाणी आहे. हवा येतेय. घरी सांगा, मी बरा आहे.»

मग चव्वेचाळीस, ज्याचा पाय दबला होता तो: «कुणी वाचतंय का?»

त्यांनी सगळं कळवलं होतं. दर तासाला. तिथली जागा सांगणारी यंत्रं दगडाखाली गेली होती, म्हणून प्रोग्रॅमला जागा सापडेना, म्हणून त्याने निरोप रांगेत लावले. वर साहेब रिकाम्या पडद्याकडे बघत बसले होते, आणि निरोप याच खोलीत होते. पडद्यापासून हातभर अंतरावर.

चौथा दिवस, दुपारी २.४०. बिल्ला बारा: «ड्रिलचा आवाज स्पष्ट येतोय. डावीकडे जाताय. उजवीकडे घ्या.»

३.२५: «आवाज थांबला.»

३.४०: «का थांबलात?»

१९ मार्च, बुधवार

दाखवून झालेल्या निरोपांवर बटण दाबून ‘वाचला’ असं करावं लागतं, नाहीतर ते मेमरीतून हलत नाहीत. म्हणून एकेक वाचते आहे. वाचायचे नसते तरी वाचलेच असते.

सहाव्या दिवशी दोघं गप्प झाले. नवव्या दिवशी चव्वेचाळीस. अकराव्या दिवशी एक्केचाळीसने लिहिलं: «आता तिघंच बोलतो.» तेराव्या दिवशी तो एकटाच: «मुकादम झोपलेत, उठत नाहीत. मी त्यांचा दिवा विझवला, माझा पुरवून वापरतो.»

चौदाव्या दिवशी: «घरी सांगा, मी घाबरलो नाही.»

इथे संपेल असं मला वाटलं. मी डोळे पुसले, पाणी प्यायले. आणि पुढचा निरोप आला. पंधरावा दिवस, एक्केचाळीस: «आता तहान लागत नाही.»

त्यानंतर चव्वेचाळीस, सहा दिवस गप्प असलेला: «पाय दुखायचा थांबला.»

त्यानंतर मुकादम. त्यानंतर सगळे, सातही जण.

बिल्ल्याची बॅटरी फार तर चौदा दिवस चालते. मी अण्णांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा चौदा म्हणाले.

२० मार्च, गुरुवार

रांग अजून संपत नाही. अपघातानंतर पाच महिन्यांचा एक निरोप आला. «दिवस भरले असतील आता. मुलगा झाला की मुलगी? कुणीतरी सांगा ना.»

घरी बबडी माझ्या पायाला बिलगली. मी तिला उचललं नाही. वहिनीने विचारलं, बरं नाही का? डोकं दुखतंय म्हणाले.

२१ मार्च, शुक्रवार

साहेबांना सांगितलं. पहिल्या चार दिवसांचे निरोप कागदावर छापून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते वाचले. ‘उजवीकडे घ्या’ या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं की हे तेव्हा कुणीच बघितलं नाही का, म्हणजे कुणीच नाही का. मी म्हटलं, कुणालाच दिसलं नाही, साहेब. तुम्हालाही दिसणं शक्य नव्हतं. ते म्हणाले, मी सातही जणांच्या घरी जाऊन सांगितलं होतं की ते पहिल्याच दिवशी गेले असतील, त्रास झाला नसेल.

मग बाकीचं सांगितलं. पंधराव्या दिवसापासूनचं. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि माझा बसू नये असा त्यांनी आग्रहही धरला नाही. मशीन बंद करा म्हणाले.

२२ मार्च, शनिवार

निरोपांचं मशीन सकाळी दहाला बंद केलं. दहा वाजून बारा मिनिटांनी वायूच्या मशीनची मेमरी चौदावरून शंभरावर गेली. आकडे गोठले. खाली चौसष्ट माणसं. या दोन मशीनमधली तार मी स्वतःच्या हाताने तोडली होती, निरोपांना तिकडे जायला वाटच नव्हती. तरी गेले. तिथे जागा संपली तसे हजेरीच्या मशीनमधे घुसायला लागले.

मी मशीन पुन्हा चालू केलं. चार मिनिटांत वायूचे आकडे परत आले. एका बोगद्यात धोक्याची पातळी ओलांडायला थोडंच बाकी होतं, माणसं वेळेत बाहेर काढली. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

म्हणजे बंद करता येत नाही. कुणीतरी बसून वाचलेच पाहिजेत.

२४ मार्च, सोमवार

रांग आजच्या तारखेला येऊन मिळाली.

निरोप दाखवला की मशीन खाली पोच देतं, हे मी विसरलेच होते. मीच लिहिलंय ते.

बिल्ला बारा, आज सकाळी ९.१५: «पोचला असं आलं! सगळ्यांच्या बिल्ल्यांवर आलं!»

चव्वेचाळीस: «कुणीतरी आहे रे वर.»

एक्केचाळीस: «येताय ना?»

मी काही विचार केला नाही. कुणी दारावर थाप मारली तर आपण ‘आले’ म्हणतो, तसं बोटांनी लिहून टाकलं: येतोय.

ते माझ्या हातून व्हायला नको होतं.

२६ मार्च, बुधवार

साहेबांनी सातही घरच्यांना बोलावलं आणि उभं राहून सगळं सांगितलं. ते जिवंत होते. त्यांनी कळवलं होतं. आपल्या यंत्राने ते दाखवलं नाही, आणि काम मी थांबवलं. स्वतःला कुठे लपवलं नाही त्यांनी. मुकादमाच्या म्हाताऱ्या आईने जवळ जाऊन त्यांच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या. मग दमली आणि तिथेच त्यांना टेकली. त्यांनी तिला धरून ठेवलं.

साहेब म्हणाले, भिंत फोडणार. उजवीकडून जाणार. सगळ्यांना वर आणणार.

वहिनीने मला एकटीला गाठून विचारलं, ‘हे’ माझ्याबद्दल काही म्हणाले का? मी तिला निरोप छापून दिले. चौदाव्या दिवसापर्यंतचे. पुढचे दिले नाहीत. तिने ‘घरी सांगा, मी घाबरलो नाही’ वाचलं आणि हसली. म्हणाली, खोटं आहे हो. अंधाराला लहानपणापासून घाबरायचे. मला हात धरायला लावायचे झोपताना.

४ एप्रिल, शुक्रवार

उजवीकडून फक्त सहा मीटर होतं. सहा.

सातही जण सापडले. एकमेकांना टेकून, ओळीने. दोन वर्षांपूर्वीचे. बिल्ले छातीवरच होते, बॅटऱ्या फुगून गळलेल्या, आतून गंजलेले. अण्णांनी माझ्यासमोर एक उघडून दाखवला. त्यातून काही जाणं शक्य नाही.

भिंत फोडली तेव्हापासून पडद्यावर एकही निरोप नाही. मेमरी आठ टक्के.

मी अण्णांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

६ एप्रिल, रविवार

अंत्यसंस्काराला सगळी वसाहत आली होती. वहिनी शेवटपर्यंत ताठ उभी होती. परतताना तिने बबडीला माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, दोन वर्षांत पहिल्यांदाच हात रिकामे ठेवावेसे वाटतायत, जरा धरा हिला. मी घरापर्यंत धरलं. फार जड झालीय पोरगी.

आज सगळं संपलं. ताईला फोन केला, पुढच्या आठवड्यात येते म्हटलं.

७ एप्रिल, सोमवार

सकाळी ९.१५.

बिल्ला बारा: «उजेड दिसला. माणसं आली. आमच्या पुढ्यातून गेली. हाका मारल्या.»

चव्वेचाळीस: «तुम्ही नेलंत ते कोण?»

एक्केचाळीस: «आम्ही इथेच आहोत.»

८ एप्रिल, मंगळवार

साहेबांशिवाय कुणाला बोलले नाही. ते म्हणाले, वाचत राहा. दुसरं काय करणार.

वाचतेय. मिनिटाला एक. जेवायला उठले नाही. उठले तर वायूचं मशीन —

«का नेलं नाहीत?»

«काही चुकलं का आमचं?»

«येतोय म्हणाला होतात.»

९ एप्रिल, बुधवार

भिंत फोडताना त्या बोगद्यात जागा सांगणारी नवी यंत्रं बसवली होती. जागेच्या मशीनवर आज सात ठिपके उमटले. नवव्या थरावर.

दुपारी मुकादमाचा निरोप: «वाट मोकळी आहे. तुम्ही येत नाही, तर आम्हीच येतो. चालत.»

चार वाजता ठिपके आठव्या थरावर.

१० एप्रिल, गुरुवार

साहेबांनी पाळण्याची दुरुस्ती सांगून सगळ्या पाळ्या वर बोलावल्या. खाली कुणी नाही. म्हणजे ठिपके त्यांचेच.

सातवा. सहावा. पाचवा, संध्याकाळी सहाला. उतरणीच्या बोगद्याने येतायत, चव्वेचाळीसच्या चालीने. बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. ठिपक्यांवरून कळतं ते. एक मागे राहिला की सहा थांबतात.

मला भीती वाटते, आणि हे बघून रडू येतं. दोन्ही एकदम.

एक्केचाळीस: «तिला सांगा, दार उघडं ठेव.»

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी ८.१०

तिसरा थर.

साहेब आले. दाढी केलेली, धुतलेला सदरा. म्हणाले, थांबवलं मी, तर सांगायलाही मीच जायला हवं. आपण गेलोय हे त्यांना माहीतच नाही, बाई. कुणी सांगितलंच नाही त्यांना. मी अडवलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ताई ठेवते तसा. अण्णांकडून दिवा घेतला, बिल्ला घेतला. अण्णांना दिव्याचा पट्टा बसवता येईना, साहेबांनी स्वतःच बसवला.

८.५५

साहेबांचा ठिपका दुसऱ्या थराखाली. ते सात वर येतायत, हा एक खाली जातोय.

९.२०

भेटले. आठ ठिपके एका जागी. निरोप बंद. कुणीच हलत नाही.

९.५०

अजून तसेच.

१०.०५

बिल्ला बारा: «साहेबांनी सांगितलं. बरं झालं कुणीतरी सांगितलं. रागवत नाही आम्ही.»

चव्वेचाळीस: «दमलो होतो फार.»

एकेक ठिपका विझतोय. एक. दोन. चार. सहा.

साहेबांचाही.

साहेबांचा का —

१०.१०

अण्णा वेड्यासारखे हाका मारतायत बोगद्याच्या तोंडाशी. साहेबांचा ठिपका नाही. नाहीच.

एक उरलाय. एक्केचाळीस. तो चालतोय.

१०.२५

दार वाजलं. किंचाळलेच मी. वहिनी होती, बबडीला घेऊन. तिच्या हातात ही वही. काल रात्री साहेबांनी तासभर खोलीवर पाठवलं, तिथेच मी ती विसरले होते; आज सकाळपासूनचं सुट्या कागदांवर लिहिलंय, ते आता इथे खोचलं. तिने सगळी वाचली. बबडीला माझ्या मांडीवर ठेवलं, वही माझ्या हातात दिली, आणि म्हणाली, उठा, मला बसू द्या तिथे. यांच्याशी मी बोलते.

हे सगळं मी लिहिते आहे ते तिला माहीत आहे. लिहिलं नाही तर मी इथून पळून जाईन.

१०.३१

एका बोटाने लिहितेय ती. मोठ्याने म्हणत म्हणत.

«अहो, मी आहे. तुम्हाला रविवारी शेवटचा निरोप दिला मी. तुम्ही गेलात हो. आता दमू नका.»

१०.३३

उत्तर: «तूच आहेस ना?»

तिने लिहिलं: «मीच. मुलगी झाली. तुमच्यासारखी हसते.»

ठिपका थांबला.

१०.३८

थांबलेलाच. वहिनी पडद्यावर हात ठेवून बसलीय. रडत नाही. म्हणतेय, जा आता, जा, मी हात धरलाय, घाबरू नका.

१०.४०

एक्केचाळीस: «एकदा बघू दे.»

पहिला थर.

१०.४२

अण्णांच्या हाका थांबल्या.

मी वहिनीला म्हटलं, नाही लिहा. नाही म्हणा. तिची बोटं बटणांवर आहेत. ती नाही असं लिहितेय, पुसतेय, लिहितेय —

१०.४३

बोळात कोळशाच्या धुळीचा वास. फरशीवर पावलं, सावकाश, दर चार पावलांनी थांबून. भर उजेड आहे बाहेर, ऊन आहे, आणि दाराच्या फटीखाली —

वहिनी उठली. मी तिचा हात धरलाय डाव्या हाताने. ती ओढत नाही, नुसती माझ्याकडे बघतेय, आणि मला तिला सोडवेना आणि धरवेना. अहो, बाहेरूनच बघा म्हणाली ती. बाहेरूनच. आवाज इतका मऊ —

कडी

बबडी अनोळखी माणसाला बघून रडते, नेहमी रडते, आणि आत्ता ती माझ्या मांडीवरून दाराकडे दोन्ही हात करून हसते आहे, आणि तिच्या हाताला कुणीतरी